बांध मोजणीत नसतो

वहिनी आमच्या घरी आली ती फटाके घेऊन. तिचं माहेर तेरखेड्याचं. तिथं तेव्हाही दारूकाम चालायचं, आणि तिचे वडील, तात्या, थोडीशी शेती सांभाळून उरलेल्या दिवसांत फटाके वळायचे. लग्नानंतर रुखवताच्या भांड्यांबरोबर एक पत्र्याचा डबा आला, तोंडाला फडकं बांधलेला. मायनं फडकं सोडून आत पाहिलं आणि दोन पावलं मागं सरली. "लोकाच्या सुना हंडे-परात आणत्यात, हिनं तोफखाना आणलाय बाई," ती म्हणाली. नवी नवरी मान खाली घालून बसली होती. सगळ्यांना वाटलं ती लाजली किंवा रडते आहे. मी खाली बसून तिच्या पदराखालून पाहिलं, तर तिचे खांदे हसून हलत होते. तिनंही मला पाहिलं. ओठांवर बोट ठेवलं. त्या दिवसापासून मी तिची झाले. मी चौथीत होते, फ्रॉक घालत होते, आणि ती मला सगळ्यांसमोर गंभीर चेहऱ्यानं 'वन्सं' म्हणायची. "वन्सं, नाक पुसा." "वन्सं, तुमच्या वेणीत शेण हाय."

आमचं गाव येरमाळ्याहून कळंबकडं जाताना लागतं. नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, काळी जमीन होती, दोन बैलजोड्या होत्या, आणि डोक्यावर कुणाचं देणं नव्हतं. हे मुद्दाम सांगते. पुढं जे झालं ते गरजेपोटी झालं नाही. नाना निजामाच्या शाळेत चार इयत्ता उर्दू शिकले होते. ते राज्य गेलं, नवं सरकार आलं, विकासाच्या योजना आल्या, आणि त्यांच्याबरोबर छापील कागद आले. छापील कागदावर नानांचा देवासारखा विश्वास होता. शेतकीची माहितीपत्रकं ते ओसरीवर बसून मोठ्यानं वाचायचे. बी किती खोल पेरावं, खत कधी टाकावं. माय आतून म्हणायची, "कागदात कालवण काय करावं ते बी लिव्हलंय का बघा." नाना खरंच शोधून बघायचे. इतका सरळ माणूस.

ग्रामसेवक आमच्याकडं यायचे ते सायकलवरून. तरुण होते, पुण्याकडचे, बोलायला गोड. त्यांनीच तालुक्याच्या पीकस्पर्धेचं नानांच्या डोक्यात घातलं. एक एकर शाळू ज्वारी. जास्त पीक आणि कमी खर्च, या दोन्हींवर नंबर ठरणार. नानांनी ओढ्याकाठचं रान निवडलं. उन्हाळ्यात त्याची नांगरट झाली ती इर्जिकीवर. इर्जिक म्हणजे गावातल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपापले बैल-औत घेऊन एकाच्या रानात उतरायचं आणि दिवसभरात त्याचं काम उरकून द्यायचं. मजुरी घ्यायची नाही. फक्त जेवण. पुढं त्याच्या रानात आपण जायचं. आमच्या इर्जिकीला येसर आमटी केली होती. डाळी आणि मसाले भाजून केलेल्या येसराच्या पुडीचा वास आजही कुठं आला की मला तो दिवस आठवतो. वहिनी नि माय पहाटेपासून चुलीपुढं होत्या. भाकरी थापायचा आवाज वहिनीचा वेगळा होता. मायची भाकरी जड हातानं, थप्प थप्प पडायची. वहिनीची टाळ्या वाजवल्यासारखी. ओसरीवर बसून मला न बघता कळायचं, आता कोण थापतंय. भाकऱ्यांची चवड टोपल्यात भरून ती रानात न्यायची, पुन्हा घरी येऊन पुन्हा थापायची. औतं सोडल्यावर माणसं जेवायला बसली आणि एकजण म्हणाला, "नाना, आमटीसाठी रोज नांगरट करायची तयारी हाय आपली." वहिनी आमटीचं भांडं घेऊन उभी होती. हळूच मला म्हणाली, "वन्सं, ह्यांच्या पोटात बी औत फिरवायला पायजे."

खत घरच्या उकिरड्यातलं. ते पाट्यांनी डोक्यावरून रानात गेलं. निम्म्या पाट्या दादाच्या, म्हणजे माझ्या भावाच्या, निम्म्या वहिनीच्या. खुरपणी माय, वहिनी आणि शाळा बुडवून मी. ज्वारी निसवली, कणसात दाणा भरायला लागला आणि पाखरांच्या धाडी सुरू झाल्या. राखणीला मचाण घातलं. तिथं वहिनी बसायची. माझं काम तिला न्याहारी पोचवायचं, म्हणजे खरं तर तिच्याजवळ जाऊन बसायचं. तात्यांनी तिच्यासाठी ओल धरलेले, विकायच्या लायकीचे न राहिलेले फटाके पाठवले होते. ते ती उन्हात वाळवायची, गोवरीच्या विस्तवावर पेटवायची आणि पाखरांच्या थव्याखाली फेकायची. दहांतले सात फुसकेच निघायचे. मग ती मचाणावर उभी राहून तोंडानंच "धाडऽऽम" करायची, आणि पाखरं तिला भिऊन उडायची. एकदा खरोखरचा वाजला तेव्हा शेजारच्या रानातला सखारामकाका ओरडला, "सूनबाई, पाखरं उडाली ते बरं झालं, पर माझे बैल बी उडाले की!" वहिनी पदर तोंडात कोंबून हसत राहिली. तेव्हा तिला दिवस गेलेले होते. उतरताना ती एका हातानं मचाणाची दांडी धरायची आणि एक हात पोटाखाली ठेवायची.

संक्रांतीच्या आधी ग्रामसेवक खर्चाचा तक्ता भरायला आले. नाना त्यांच्यापुढं ताठ बसले होते, परीक्षेला बसल्यासारखे.

"बियाणं?"

"घरचं."

"नांगरट?"

"इर्जिक केली."

"म्हणजे मजुरी नाही. खुरपणी?"

"घरच्याच बायका."

"राखण?"

"सूनबाई असती."

"फटाके लावता म्हणे! ते विकत?"

"इवायानं दिले. फुकट."

ग्रामसेवक प्रत्येक ठिकाणी एक आडवी रेघ मारत गेले. आतून माय म्हणाली, "साहेब, इर्जिकीला जेवाण कुणी घातलं ते बी इचारा."

ग्रामसेवक हसले. "अहो, ते जेवण झालं. तो काही लागवडीचा खर्च नव्हे."

"मग माणसं काय वारा खाऊन नांगरत्यात का?" माय म्हणाली. सगळे हसले, मीही हसले. मग ग्रामसेवक नानांना म्हणाले, "नाना, असा तक्ता तालुक्यात दुसऱ्या कुणाचा नाही. फक्त काढणीला बाहेरची मजुरी लागू देऊ नका. तेवढं जपा."

तेवढं जपा. हे दोन शब्द नानांनी जपले.

आमच्याकडं पहिलटकरणीला सातव्या महिन्यात माहेरी न्यायची रीत. संक्रांत झाली आणि तात्या बैलगाडी घेऊन आले. गाडीत बसायला मऊ पडावं म्हणून गवतावर वाकळ अंथरली होती, वर सावलीला जुनं लुगडं ताणलं होतं. ती वाकळ वहिनीच्या आईनं लेकीसाठी नवी शिवली होती. वहिनीनं आपलं गाठोडं चार दिवस आधीच बांधून ठेवलं होतं. त्यात मी माझी एक निळी रिबीन घातली होती, बाळासाठी. ती गाडीचा आवाज ऐकून दारापर्यंत पळत गेली. मायनं हटकलं, "अगं, पळती काय, पोटुशी बाई तू!"

जेवणं झाल्यावर तात्यांनी विषय काढला. नाना म्हणाले, "पाव्हणं, एवढी सुगी होऊ द्या. मग खुशाल न्या."

"नाना, सातवा सरत आलाय पोरीचा," तात्या म्हणाले. "आमच्याकडं हिची आई वाट बघती. रस्ता बी खडकाळ हाय, पुढं गाडीत हादरं सोसायची न्हाईत."

"कणसं मोडायची हायती, खळं हाय, माणसांचं जेवणखाण हाय. घरात बाई नगं का?"

माय चुलीपाशी होती. ती बाहेर आली आणि दाराला टेकून उभी राहिली. नानांसमोर चारचौघांत बोलायची तिची पद्धत नव्हती, पण त्या दिवशी बोलली. "रोजानं एक बाई लावा की. गावात काय बायांचा दुष्काळ पडलाय का? ह्या पोरीला जाऊ द्या."

नानांनी तिच्याकडं पाहिलं. चिडले नाहीत. समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "रोजानं बाई लावली की ती तक्त्यात पडती. खर्चात धरत्यात तिला. घरच्या माणसाचं तसं नसतं."

मला नानांचा चेहरा अजून दिसतो. त्यांना आपण काही कठोर बोललो असं वाटलंच नव्हतं. ते हिशेबाचा नियम सांगत होते. छापील नियम होता. घरच्या माणसाला खर्च नसतो, म्हणजे घरचं माणूस ठेवून घेण्यानं काही जात नाही, असा त्याचा सरळ अर्थ त्यांनी लावला होता. दादा खाली मान घालून बैलांच्या दाव्याची गाठ सोडत-बांधत बसला. वहिनी आतल्या खोलीत उंबऱ्याआड उभी होती. मी तिला चिकटून होते. तात्या म्हणाले, "सुभद्रे, काय म्हणतीस गं?" तिला विचारायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, ते तात्यांच्या आलं. पण सासऱ्यापुढं ती काय म्हणणार? म्हणाली, "मामंजी म्हणत्याल तसं." आणि मग माझ्या खांद्यावरचा तिचा हात असा आवळला की मला दुखलं.

तात्या रिकामी गाडी घेऊन परतले. वाकळ मात्र ठेवून गेले. "गाडीत नुसती मळंल," म्हणाले.

पुढं मी शिकले, शेतीखात्याच्या कचेरीत नोकरी केली. दर एकरी उत्पादनखर्चाचे तक्ते वर्षानुवर्षं माझ्या टेबलावरून गेले आहेत. आता त्यांत 'घरची मजुरी' असा वेगळा रकाना असतो. चांगला रकाना आहे. शेतात कोण किती राबलं ते त्यात लिहितात. भाकरी कुणी थापली, पाणी कुणी आणलं, ते अजून लिहीत नाहीत. एका नव्या अधिकाऱ्याला मी हे विचारलं तेव्हा तो म्हणाला, बाई, ते मोजायला लागलो तर शेती कुणालाच परवडायची नाही. मी म्हटलं, परवडत नाहीच, फक्त कोणाला परवडत नाही ते तुम्हाला दिसत नाही. त्यानं तक्ता पुढं सरकवला आणि मी सही केली. नोकरी होती.

काढणी झाली. शाळू मुळासकट उपटून पेंढ्या घातल्या. बायकांनी बसून कणसं मोडायची. आठव्या महिन्याची वहिनी मांडी घालू शकत नव्हती, तर वाकळेची घडी पाठीशी घेऊन, पाय लांब करून कणसं मोडायची. तिचे पाय सुजले होते. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. मला तो खेळ वाटायचा. तीही म्हणायची, "वन्सं, दाबून बघा, हितं कणीक मळलीया." पण आता तिचं हसू लवकर संपायचं. भाकरीचा आवाजही बदलला होता. टाळ्या गेल्या. माझी माय आणि ती, दोघींचा आवाज एकसारखा यायला लागला होता.

वजनाच्या दिवशी खळ्यावर तालुक्याहून साहेब आले होते. झाडाला काटा टांगला होता, सावलीत खुर्च्या मांडल्या होत्या, निम्मं गाव जमलं होतं. माय पुढं जाऊन वाढायच्या तयारीला लागली होती. वहिनी आणि मी मागून निघालो. तिच्या डोक्यावर भाकरीचं टोपलं, माझ्या कमरेवर पाण्याची कळशी. रानाच्या कोपऱ्यावर बांधाला एक बोरीचं झाड आहे. तिथं आल्यावर ती थांबली. तिनं टोपलं स्वतःच उतरवलं, नीट, एकही भाकरी पडू न देता, आणि बांधावर बसली. तिच्या ओठांचा रंग गेला होता. मी म्हटलं, "वैनी, मायला बोलावू?"

"आत्ता नगं," ती म्हणाली. "वजन चाललंय."

मी ऐकलं नाही. कळशी तिथंच ठेवून पळाले. माय धावत आली, मागं एक-दोन बायका आल्या. त्यांनी वहिनीला कडब्याच्या गंजीमागं नेलं आणि लुगड्याचा आडोसा धरला. मला सुईणीला आणायला गावात पिटाळलं. मी सुईणीला घेऊन परत आले तेव्हा बाळ झालेलं होतं. मुलगी होती. महिनाभर आधी आलेली, पण पुरती घडलेली, केस असलेली. ती रडली नाही. सुईणीनं तिला उलटं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात फुंकर घातली. आम्ही सगळ्या तिच्या रडण्याची वाट बघत गप्प उभ्या होतो, आणि त्या शांततेत गंजीच्या पलीकडून कुणीतरी मोठ्यानं वजनाचा आकडा पुकारला आणि टाळ्या वाजल्या.

नानांनी स्वतः खड्डा खणला. बोरीखाली, बांधावर. दादा शेजारी उभा होता, त्याच्या हातात ती नव्या वाकळेत गुंडाळलेली. माझी निळी रिबीन मायनं गाठोड्यातून शोधून आणून आत ठेवली. वर एक चपटा दगड. नानांनी खड्डा लागत होता त्यापेक्षा खूप खोल खणला. मायनं शेवटी त्यांचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी येरमाळ्याहून तेरखेड्याकडं निघालेल्या एका ओळखीच्या माणसाजवळ दादानं निरोप दिला, सुभद्रा बाळंत झाली, तात्यांना या म्हणावं. पुढचं वाक्य त्याच्यानं बोलवलं नाही. मी त्याच्या शेजारी उभी होते. त्यानं तोंड उघडलं होतं, मग मिटलं. झालं ते असं, की तात्या हरखून निघाले. वहिनी आतल्या खोलीत बाजेवर पडली होती. तिला दूध आलं होतं, माय तिला छातीवर फडकं घट्ट बांधून देत होती. तेवढ्यात वेशीकडून फटाक्यांची माळ वाजली. लांब, अखंड, एकही फटाका फुसका नाही. सबंध गावाला ऐकू गेली. माय जागच्या जागी थिजली. वहिनीनं डोळे उघडले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तात्या आले."

ती माहेरी गेली, दीड महिन्यानं परत आली. तिच्याबरोबर पत्र्याचा डबा आला नाही. नानांना तालुक्यात पहिलं बक्षीस मिळालं होतं, लोखंडी नांगर. तो ओसरीत ठेवला होता. तिनं आल्या आल्या झाडू घेतला, नांगर उचलून बाजूला केला आणि खालचा केर काढला.

लोकांना वाटतं, असं काही घडलं की घर बदलतं. सुगी संपते, पुन्हा पेरणीचे दिवस येतात, एवढंच होतं. पावसाळ्यानंतर ग्रामसेवक पुन्हा आले. "यंदा जिल्ह्यात उतरू, नाना." नाना हो म्हणाले. हो म्हणाले, हे मी लपवत नाही. ज्वारी गुडघ्याला लागली तेव्हा ग्रामसेवक शिपायाला घेऊन एकर आखून घ्यायला आले. साखळी टाकत टाकत ते बोरीच्या कोपऱ्यावर पोचले. तिथं बांधाला लागूनच क्षेत्र भरत होतं. शिपायानं खुंटी घेतली, दगड पायानं जरा सरकवला आणि खुंटी रोवली.

वहिनी नि मी भाकरी घेऊन येत होतो. वहिनीनं टोपलं खाली ठेवलं.

"तिथं नगं," ती म्हणाली.

शिपाई बिचारा चांगला माणूस होता. त्याला वाटलं, ह्या बाईला जमीन जाण्याची भीती वाटते. "ताई, काळजी करू नका," तो म्हणाला. "हा बांध हाय. बांध मोजणीत नसतो."

नाना पलीकडून आले. त्यांनी सरकलेला दगड पाहिला, खुंटी पाहिली. मग वाकून दोन्ही हातांनी खुंटी उपटली, दगड होता तिथं ठेवला, आणि रानात बरंच आत चालत जाऊन खुंटी रोवली, ज्वारी तुडवत. नाना कधी पिकात पाय टाकत नसत.

"अहो नाना, मग एकर भरत नाही," ग्रामसेवक म्हणाले.

"न्हाय भरत."

"त्या बाजूनं घेऊ की मग. थोडं अलीकडं सरकून..."

"साहेब, ऱ्हाऊ द्या आता," नाना म्हणाले. "भाकरी आलीया. जेवा, अन् जावा."

वहिनीनं सगळ्यांना वाढलं. शिपायालाही. नानांनी तिच्याकडं पाहिलं नाही, तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. बाप होते ते माझे, त्यांनी दिलं ते मी कमी लेखत नाही. पण एक बक्षीस सोडलं, एवढंच त्यांना देता आलं, आणि ते पुरेसं नव्हतं. वहिनीला पुढं मूल झालं नाही. बाळंतपणाला माहेरी जायची तिची ती एकच वेळ होती, आणि ती हुकली होती.

त्या हिवाळ्यात राखणीला तीच होती. मी न्याहारी घेऊन जायचे तेव्हा ती मचाणावर नसायची. बोरीखाली बांधावर बसलेली असायची, पाय लांब करून. तिच्यासमोरच्या ओळींवर चिमण्या उतरायच्या, कणसावर लोंबकळून दाणे टिपायच्या, कणसं पार रिकामी करायच्या. ती बघत बसायची. हाकलायची नाही. एकदा मीच ओरडायला तोंड उघडलं तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. पलीकडच्या बांधावर नाना उभे होते. त्यांना सगळं दिसत होतं. तेही हाकलायला आले नाहीत.